दगडाखालचा उन्हाळा

बहारीनमध्ये उम्म अल हस्समच्या सिग्नलला स्कूलबस थांबली आणि अँब्रोज तुस्कानो सरांची नजर रोजच्या सवयीने हाशिमच्या दुकानाच्या काचेकडे गेली. काचेमागे एरवी पोपटांचे पिंजरे, एक सुस्त मांजर आणि सोनेरी माशांची टाकी असायची. आज पिंजऱ्यांच्या खाली एक पसरट निळा टब ठेवलेला होता. बसची खिडकी उंच, त्यामुळे टबात सरळ खाली पाहता येत होतं. टबात केशरी रेघा हलत होत्या. एक रेघ दुसरीवर चढत होती, तिसरी दोघींच्या खालून वाट काढत होती, आणि तळ कुठेच दिसत नव्हता. सरांना ओळखायला वेळ लागला नाही. सिग्नल हिरवा झाला, बस हलली, मागे मुलांचं गाणं चालूच होतं. संगमेश्वरचा तुकाराम गेली कित्येक वर्षं ही बस चालवत होता. त्याने आरशातून सरांकडे पाहिलं.

"काय मास्तर, कोन वळखीचा दिसला काय?"

"हो," सर म्हणाले. "ओळखीचेच."

या प्राण्याला मराठीत नाव नव्हतं. सरांनी ते पुष्कळ शोधलं होतं. वसईकडे तो नाही, कोकणात नाही, मग नाव कोण ठेवणार. मुलांना ते सांगत, हा पालीसारखा दिसतो पण पाल नाही, पाण्यात राहतो पण मासा नाही. हा बेडकाचा चुलतभाऊ आहे, फक्त मोठा होताना शेपूट टाकून द्यायला विसरला. इंग्रजीत त्याला न्यूट म्हणतात. माणसाच्या बोटाहून थोडा लांब. काळ्या अंगावर पांढरे डाग, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवरून गेलेली केशरी रेघ, जशी कुणी बोटाने रंग घेऊन एका झटक्यात ओढावी. पाय केशरी, पोटही केशरी. इराणातल्या लुरिस्तानच्या डोंगरात, ओकच्या झाडांमधून वाहणाऱ्या मोजक्या झऱ्यांत तो राहतो. दुसरीकडे कुठेच नाही. हे सरांनी मनामाच्या लायब्ररीत एका जाड पुस्तकात वाचलं होतं. त्या पुस्तकात सिंहाला चार पानं होती आणि याला चार ओळी. चौथ्या ओळीत लिहिलं होतं की या प्राण्याविषयी फारशी माहिती नाही. ते वाक्य वाचून सरांना तेव्हा आनंद झाला होता. ज्याविषयी फारशी माहिती नाही असं काहीतरी आपल्या झोपायच्या खोलीत आहे, हा आनंद वयाच्या पन्नाशीनंतर मिळणारा नव्हता, आणि तो मिळाला होता. आता बसच्या तापलेल्या रेक्झिनवर बसून ते त्या आनंदाचं पुढे काय झालं ते आठवायचा प्रयत्न करत होते, आणि डोळ्यांसमोर फक्त तो टब येत होता. आपल्या घरातलं रोजच्या वापरातलं भांडं बाजारात मांडलेलं दिसावं, तसं त्यांना वाटत होतं.

त्यांच्याकडे दोन होते, एक नर, एक मादी. हाशिमचा मामेभाऊ सिराज इराणच्या बुशेहर बंदरातून लाँचने अक्रोड, डाळिंबं आणि पक्षी घेऊन यायचा. चार वर्षांपूर्वी, म्हणजे त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, झऱ्यातल्या पालेभाजीच्या जुडीबरोबर हे दोघे आले होते, भाजी भिजत ठेवलेल्या मडक्यात. हाशिमने मडकं सरांच्या हातात ठेवलं होतं. "ले जाओ उस्ताद. खाता नहीं, गाता नहीं, मेरे किस काम का." माहूजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टाकी ठेवायला जागा एकच होती, झोपायच्या खोलीत, कारण एसी तिथेच होता. त्यांना गारवा लागायचा. शिवाय नळाचं पाणी खारट, ते त्यांना चालायचं नाही. प्यायचं गोडं पाणी कॅनने यायचं, त्यातलं अर्धं टाकीत जायचं. बर्था हॉस्पिटलात नर्स होती. रात्रपाळी करून आली की भर दुपारी अंगावर शाल घेऊन झोपायची आणि झोपता झोपता म्हणायची, "ओ सर, आपण खाऱ्या पाण्याने आंघोळ करायची आणि तुमच्या जावयांना गोडं पाणी. मुलगी तरी द्यायची होती आधी." त्यांना मुलगी नव्हती. मुलगाही नव्हता. बर्था हे इतक्या सहज बोलायची की त्यात दुखरं काही आहे हे तिचं तिलाही कळायचं नाही, किंवा कळत असेल.

पहिल्या उन्हाळ्यात दोघेही टाकीतून बाहेर चढू लागले. काचेला चिकटून वर यायचे, कडेवर येऊन थांबायचे, आणि सर त्यांना हळूच पुन्हा पाण्यात सोडायचे. पाण्यातला प्राणी पाण्यातच हवा. ते पुन्हा चढायचे. त्यांची कातडी निस्तेज झाली, खाणं सुटलं, आणि सरांना वाटलं, गेले आता. बर्थाने हे पाहिलं, गणवेशाची पिन काढता काढता. "पेशंट सारखा खाटेवरून उतरायला लागला की समजायचं, त्याला घरी जायचंय. कुठे जातायत ते बघा तरी." मग सरांनी टाकीच्या एका बाजूला वाळूचा उतार केला, त्यावर नारळाचा ओला काथ्या आणि एक सपाट दगड ठेवला. दोघेही त्या दगडाखाली गेले आणि पूर्ण उन्हाळा बाहेर आले नाहीत. तेव्हा सरांना उमगलं. त्यांच्या डोंगरात उन्हाळ्यात झरे आटतात. पाणी आटायच्या आत हे पाणी सोडतात, रानात दगडांखाली शिरतात, आणि काही न खाता, जवळजवळ श्वासही न घेता पडून राहतात. पाऊस पडून झरा वाहू लागला की परत त्याच पाण्यात. तिथे मादी एकेक अंडं सुटं सुटं दगडाला चिकटवते. घाई कशाचीच नाही. सर त्या दगडासमोर बसून राहायचे. दगडाखाली काही चाललेलं दिसत नव्हतं, आणि तरी काहीतरी चाललेलं होतं. शिकवण्याविषयी त्यांना आयुष्यभर जे वाटत आलं होतं पण कधी कुणाला सांगता आलं नव्हतं, ते या दगडाच्या आसपास कुठेतरी होतं.

शुक्रवारी सुट्टी. इथे चर्चमधली रविवारची मिस्सा शुक्रवारीच व्हायची. मिस्सा आटोपून आलं की बिल्डिंगमधली मुलं सरांच्या घरी जमायची. ही शिकवणी नव्हती. बर्था मैद्याच्या गोल फुग्या तळायची, मुलं खोलीत जमिनीवर बसायची, आणि सर टाकीतलं दाखवायचे. मुलं मराठी समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. एकटी बिल्किस मराठीत बोलायची. ती रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांची, बाप बंदरावर नोकरीला, आणि घरी तिची आजी असल्यामुळे तिला दुसरी भाषा वापरून चालायचं नाही. सरांचा एकच नियम होता. दगड उचलायचा नाही. पूर्ण उन्हाळा मुलं येऊन त्या दगडाकडे पाहत बसायची. निकोलससारखा मुलगा, जो चर्चमध्ये एक मिनिट गप्प बसत नसे, तो गुडघ्यांवर हनुवटी टेकून दगडाकडे पाहत असे. "सर, इज ही डेड?" "माहीत नाही." "कॅन वी चेक?" "नाही." आणि डिसेंबरात एका शुक्रवारी केशरी शेपूट दगडाखालून बाहेर आली तेव्हा मुलांनी आवाज केला नाही. निकोलसची बहीण मॅगी रडायला लागली. सरांना त्या दिवशी वाटलं होतं की इतकं चांगलं आपण कधीच शिकवलं नाही. ते खरंच होतं. तेव्हापासून मुलांना न्यूटचं वेड लागलं, आणि सरांना त्या वेडाचा अभिमान वाटत आला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते उम्म अल हस्समला उतरले. दुकानात शिरताच पोपटाच्या विष्ठेचा आणि दमट भुशाचा वास आला. हाशिमने दोन्ही हात पसरले.

"अहलन, उस्ताद! तुम्हारा मछली आया."

"मछली नहीं है, हाशिम."

"बच्चा लोग तो मछली बोलता है. अंकल, अँब्रोज सर का मछली है? बर्थडे है, दो दो. रिझल्ट आया, दो दो. मैं भी अब वही बोलता. समक अल उस्ताद. उस्ताद का मछली." बोलता बोलता त्याने टबाच्या कडेला उताणा तरंगणारा एक बोटाने उचलला आणि शेजारच्या डब्यात टाकला. डब्यात आणखी होते. "सिराज बोलता है, ऐसा सीधा जानवर देखा नहीं. भागता नहीं. छलनी डालो, उठाओ. सुबह में गया, दोपहर को पूरा नाला साफ."

"फिर लाएगा?"

"गर्मी के पहले दो फेरा और. बाद में मिलता नहीं. मालूम नहीं किधर जाता है."

सरांचं तोंड उघडलं होतं. प्रश्न ऐकला की उत्तर आपोआप ओठांवर यायचं, तीस वर्षांची सवय. दगडाखाली जातात, असं ते म्हणणारच होते, आणि म्हणाले नाहीत. पोपट कर्कश ओरडला. आपण एका प्रश्नाचं उत्तर माहीत असून दिलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बिल्डिंगमधल्या कुठल्याही मुलाला हे उत्तर येत होतं. हाशिमने अजून कुणाला विचारलं नव्हतं, इतकंच.

"मत लाओ," ते म्हणाले.

हाशिमला हसू आलं नाही. तो सज्जन माणूस होता आणि सरांच्या शब्दाला मान द्यायचा. त्याने खरोखर विचार केला. "उस्ताद, मैं नहीं लाएगा तो सूक में दूसरा दुकानवाला लाएगा. सिराज तो उसको भी देगा. बच्चा मांगता है, इसलिए आता है. तुम बच्चा लोग को बोलो, नहीं मांगने का. नहीं मांगेगा, नहीं आएगा. खलास." आणि निघताना त्याने सरांना एक प्लॅस्टिकची पिशवी दिली, पाण्याने फुगलेली, आत एक न्यूट. फुकट. घरी पोचेपर्यंत ती पिशवी सरांच्या मांडीवर हलत राहिली.

मुलांना खरं सांगावं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. खरं सांगितलं की मुलं समजतात, हा त्यांचा धंदाच होता. त्या शुक्रवारी त्यांनी नकाशा मांडला, लुरिस्तानवर बोट ठेवलं, तिथला ओक, तिथलं थंड पाणी, सिराजची चाळण, डब्यात टाकलेले मेलेले. एका झऱ्यातले सगळे उचलले तर त्या झऱ्यात पुन्हा कुठून येणार? शेजारच्या झऱ्यातून येणार नाहीत, मध्ये कोरडा डोंगर आहे. जगात फक्त तेवढेच आहेत. तेवढे संपले की कायमचे संपले. खोलीत शांतता पसरली, आणि सरांना ती ओळखीची वाटली. डिसेंबरातली तीच शांतता.

"सो माइन इज रेअर?" निकोलसने विचारलं. त्याच्याकडे एक होता, टीव्हीवरच्या काचेच्या वाडग्यात.

"आय वॉन्ट टू," मॅगी म्हणाली. "बॉय अँड गर्ल. देन दे कॅन हॅव बेबीज अँड दे वोन्ट फिनिश."

"सर," बिल्किस म्हणाली, "मग आपण सगळेच इकडे आणूया ना. तिकडे त्यांना बघायला कोण आहे?"

मुलं वाईट नव्हती. सरांनी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि प्रत्येक चेहऱ्यावर माया होती. नेमकी त्यांनीच लावलेली माया. बर्थाने फुग्यांचं ताट आणलं आणि मुलं बोलत बोलत खाऊ लागली. कुणाच्या घरी किती आहेत, कुणाच्या डॅडीने कितींचं कबूल केलंय. दोन दिवसांनी बसमध्ये तुकारामने बातमी दिली. "मास्तर, त्या पोपटवाल्याकडं काय गर्दी. पार बुसैतीनवरनं गाड्या येतायत. दुनियेतलं शेवटचं जनावर हाय म्हनतात. आमचा साहेबबी घेऊन गेला पोरासाठी. तुमी घेतलाव का?" सर म्हणाले, "आहेत माझ्याकडे." "मग तुमची चंगळ हाय," तुकाराम म्हणाला, आणि एका पाण्याच्या टँकरला वाट द्यायला त्याने बस बाजूला घेतली. हाशिमने भाव वाढवला होता. सिराज पुढच्या फेरीला मोठं पिंप घेऊन जाणार होता.

दुपारी दोन ते चार माहूजमध्ये कुणी रस्त्यावर दिसत नसे. बर्था झोपलेली, एसी घरघरत असलेला, आणि सर टाकीसमोर खुर्चीत. मार्च होता. मादीने एका गुळगुळीत गोट्याला अंडी चिकटवायला सुरुवात केली होती. तिकडे झऱ्यातही आत्ता हेच चाललं असेल, आणि तिकडे चाळणही आहे. अजून दोन महिने. मे महिन्यात ते पाणी सोडतील, दगडांखाली जातील, मग कुणाच्या हाती लागणार नाहीत. दोन महिने मुलांनी मागितलं नाही तर यंदाचे वाचतील, अंडी फुटतील, पिल्लं वाहत्या पाण्यात कुठेतरी लपून बसतील. मुलांनी मागू नये यासाठी काय करावं? सुंदर आहे म्हणून सांगितलं तर हवंसं वाटतं. दुर्मीळ आहे म्हणून सांगितलं तर आणखी हवंसं वाटतं. मेलेल्यांचं सांगितलं तर वाचवायला म्हणून हवेसे वाटतात. सरांनी एखाद्या अवघड गणितासारखं ते पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. उत्तर तेच येत होतं, आणि त्या उत्तराच्या एका टोकाला ते स्वतः होते. यात त्यांना वाईट वाटायला हवं होतं. तसं फारसं वाटत नव्हतं. एसीच्या आवाजात सगळं दूर, काचेपलीकडचं वाटत होतं.

वसईकडे, भुईगावच्या त्यांच्या वाडीत खालच्या कोपऱ्यात बावखल होतं. पावसाचं पाणी साठवायला आजोबांच्या आधी कुणीतरी खोदलेलं तळं, केळीला आणि पानवेलींना त्याचंच पाणी. रहाटाचा आवाज थांबला की पाण्यावरची शेवाळ हळूहळू जवळ यायची आणि मधली फट मिटायची. लहानपणी त्या काठावर ते तासन्तास बसत. बेडकं होती, बेडकांची पिल्लं होती, शेपूट अर्धी गेलेली आणि पाय अर्धे फुटलेले. ते कुणी दाखवलं नव्हतं. आणि शाळेत डिमेलो मास्तर होते. डिमेलो मास्तर पांढराशुभ्र सदरा घालून, डोळे खिडकीकडे लावून, एका सुरात लिहून घ्यायचे. उभयचर म्हणजे जे जलात व स्थलात दोन्हीकडे वावरतात ते. उदाहरणार्थ बेडूक. पाच वेळा लिहा. वर्गातली सगळी मुलं बावखलांच्या काठी वाढलेली, खिशात बेडूक घेऊन शाळेत येणारी. वर्षाच्या शेवटी एकाच्याही खिशात बेडूक राहिला नाही. अँब्रोज तेव्हा मनात म्हणायचा, मी शिक्षक झालो तर असं कधी शिकवणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला होता. त्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना प्रथमच वेगळं सुचलं. डिमेलो मास्तरांच्या वर्गानंतर भुईगावातल्या एकाही मुलाने बेडूक पकडला नाही. सगळे बेडूक वाचले होते.

पुढच्या शुक्रवारी मुलं आली तेव्हा टाकीवर चादर घातलेली होती. टेबलावर वह्या होत्या. सरांनी पांढरा सदरा घातला होता. तो मिस्सेलाच घातलेला होता, पण मुलांना तो वेगळा वाटला. "बसा," ते म्हणाले. "लिहा." त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. पलीकडच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुणाची तरी घुत्रा, डोक्यावर घ्यायचा अरबी रुमाल, वाळत होती, तिच्यावर नजर ठेवली आणि सुरुवात केली. सृष्टी, संघ, वर्ग, गण. प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग. आवाज कुठेही चढू द्यायचा नाही, कुठेही उतरू द्यायचा नाही, हे त्यांना वाटलं त्यापेक्षा अवघड गेलं. "हृदय तीन कप्प्यांचं" म्हणताना आवाज आपोआप उजळायला लागला, कारण तीन कप्प्यांचं हृदय ही खरोखर मजेची गोष्ट आहे, आणि त्यांना खोकून तो दाबावा लागला. निकोलसने विचारलं, "सर, कॅन वी सी देम?" "आधी व्याख्या पाठ करा." मॅगीने वहीच्या समासात एक न्यूट काढला, केशरी खडूने. सरांनी वही हातात घेतली. चित्र चांगलं होतं, पायांची बोटं बरोबर होती, पुढे चार आणि मागे पाच. "समासात काही काढायचं नाही," ते म्हणाले आणि वही परत दिली. "पुढच्या शुक्रवारी चाचणी."

मुलं गेल्यावर बर्था दारात उभी राहिली, ओल्या हाताने.

"बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे."

"मी उभ्या उभ्या झोपले असते तिकडे. फुग्या कुणी खाल्ल्या नाहीत."

"हो."

"काय करताय तुम्ही?" तिने विचारलं. तिला टब ठाऊक होता, हाशिमचं म्हणणंही ठाऊक होतं. सरांनी चादर काढून घडी केली. ती थोडा वेळ घडीकडे पाहत राहिली आणि मग तिला कळलं. "आमच्याकडे भूल देतात," ती म्हणाली. "पण पेशंटला आधी विचारतात." आणि ती उरलेल्या फुग्या डब्यात भरायला गेली.

चाचणी झाली. सरांनी मार्क मोठ्याने वाचून दाखवले, कमी मिळालेले आधी. त्यानंतरच्या शुक्रवारी थोडीच मुलं आली, आणि त्यांना सरांनी आकृती काढायला लावली, भागांना नावं द्यायला लावली, पट्टीने रेघा मारायला लावल्या. कुणी प्रश्न विचारला की ते म्हणत, "ते सिलॅबसमध्ये नाही." हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात वर्गात उच्चारलं नव्हतं. स्टाफरूममध्ये दुसऱ्यांच्या तोंडी ऐकलं की त्यांना उठून जावंसं वाटायचं. आता ते सहज यायचं. या घरात कसलाही सिलॅबस नव्हता, आणि एकाही मुलाच्या ते लक्षात आलं नाही. एप्रिलात बरण्या यायला लागल्या. जॅमच्या, लोणच्याच्या, एक बेबी फूडचा डबा. "सर, मम्मी सेज यू कॅन हॅव इट. इट डझन्ट डू एनीथिंग." सर बरण्या घ्यायचे, आत पाहायचे. काहींत जिवंत होते, काहींत नव्हते. निकोलसचा वाडगा आला तेव्हा त्यातलं पाणी कोमट होतं. निकोलस सरांच्या तोंडाकडे न पाहता म्हणाला, "सॉरी, सर." त्याच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून सरांचा हात उचललाही गेला होता. त्यांनी त्या हाताने वाडगा घेतला. सरांनी दुसरी टाकी आणली, मग तिसरी. गोड्या पाण्याचे कॅन वाढले. 

हाशिमकडे ते एप्रिलच्या शेवटी गेले. निळा टब होता, पण कोपऱ्यात, आणि त्यावर पिंजरा ठेवलेला. "खलास, उस्ताद," हाशिम म्हणाला. तो रागावलेला नव्हता, धंद्यातलं एक कोडं त्याला पडलं होतं इतकंच. "कोई पूछता ही नहीं. सिराज को बोला, मत ला. वो भी बोला, अच्छा है, उसमें पानी का वजन बहुत." मग त्याने काउंटरखालून पुठ्ठ्याचं खोकं काढलं. आत बांगडीएवढी कासवं होती, एकमेकांच्या पाठीवर चढणारी. "अभी ये चलता है. बच्चा लोग को बहुत पसंद." सर त्या खोक्याकडे पाहत राहिले. एका कासवाने मान बाहेर काढली, इकडे तिकडे केली, आत घेतली. कासवाविषयी त्यांना पुष्कळ काही सांगता आलं असतं.  टबात उरलेले न्यूट हाशिमने त्यांना देऊन टाकले. "मफी फुलूस, पैसा नहीं," तो म्हणाला. "तुम्हारा ही मछली है."

मेचा पहिला शुक्रवार. मिस्सेहून आल्यावर सरांनी सवयीने वह्या मांडल्या, आणि कुणी येणार नाही हे धरून पुन्हा उचलायला घेतल्या. बेल वाजली. बिल्किस होती, एका हातात वही, दुसऱ्या हातात बरणी. बरणीत तिने सपाट दगड ठेवला होता, पाण्याच्या वर येईल असा, आणि त्याखाली ओला कापूस. तिच्या बापाने तिला फेब्रुवारीत घेऊन दिलेला न्यूट जिवंत होता. चांगला होता, खरं तर सरांकडच्या काहींपेक्षा चांगला. "ही ठेवून घ्या," ती म्हणाली. "अब्बांना सुट्टी मिळालीय, आम्ही रत्नागिरीला जाणार. तिकडे बोटीवर नेता यायची नाही." मग ती जमिनीवर बसली, आपल्या नेहमीच्या जागी, आणि वही उघडली. सरांना काय करावं ते कळेना. त्यांनी चादर घातलेली नव्हती. टाकीत नर उतारावर आला होता, मागचे पाय अजून पाण्यात. तो थांबला. सरांनी पाहिलं की बिल्किसही थांबली आहे, श्वास धरून. मग त्याने एक पाय उचलला, दुसरा उचलला, आणि काथ्यावरून हळूहळू दगडाच्या फटीत शिरला. शेपूट थोडा वेळ बाहेर राहिली. मग तीही आत गेली.

"सर," ती म्हणाली, "तो आतमध्ये अंधारात असणार. तिकडे पाऊस पडला, झरा परत आला, हे त्याला आतमध्ये कसं कळतं?"

चार वर्षं सर या प्रश्नाची वाट पाहत होते. कुणी विचारला नव्हता. त्यांच्याकडे याचं पूर्ण उत्तर नव्हतं, आणि जे अर्धं होतं त्यावर त्यांनी कितीतरी दुपारी घालवल्या होत्या. मातीचा गारवा, हवेतला ओलावा, दगडाला कान लावल्यासारखं सगळ्या कातडीने ऐकणं. हे सगळं तिला आत्ता सांगता आलं असतं. सिराज पुन्हा गेलेला नव्हता, उरलेले झरे वाचले होते, उन्हाळा लागला होता. आणि डिसेंबर यायचाच होता. डिसेंबरात ही मुलगी सुट्टीवरून परतलेली असेल, हे तिने सगळ्यांना सांगितलेलं असेल, आणि ती हे किती चांगलं सांगेल हे तिच्या डोळ्यांत आत्ताच दिसत होतं. हाशिमला तर ती नक्कीच सांगेल, तो विचारेल तेव्हा. उन्हाळ्यात किधर जाता है. सरांनी खिडकीकडे पाहिलं. गच्चीवर आज काही वाळत नव्हतं.

"ते सिलॅबसमध्ये नाही," ते म्हणाले.

बिल्किसने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती वहीवर वाकली आणि तिने ते वाक्य लिहून घेतलं, जसं सांगितलं तसं. महत्त्वाच्या वाक्याखाली पट्टीने रेघ मारायची असं सरांनीच शिकवलं होतं. तिने कंपासपेटीतून पट्टी काढून रेघ मारली, वही मिटली, आणि बर्थाने दिलेली फुगी हातात घेऊन गेली. लिफ्टचं दार लागल्याचं ऐकू आलं. बर्था दुपारच्या पाळीला निघाली होती, तिने पर्स खांद्याला लावली आणि दारातून एकदा आत पाहिलं.

सरांनी बिल्किसची बरणी उचलून खिडकीपासून दूर, सावलीत ठेवली. आतला न्यूट दिसत नव्हता. तो दगडाखाली गेला होता की मेला होता, हे पाहायला दगड उचलावा लागला असता. त्यांनी खुर्ची ओढली आणि ते समोर बसले.